आडवाटेची गाडी आणि गिअरविषयीचे गैरसमज

सह्याद्रीतील कच्च्या घाटवाटांवर अथवा कोकणच्या तांबड्या चिखलात नेण्यासाठी जो गृहस्थ फोर बाय फोर गाडी घेऊ पाहतो, त्याला पहिला उपदेश बहुधा असा मिळतो, की खरी गाडी मॅन्युअलच, ऑटोमॅटिक ही केवळ शहरातील सोय. आपल्याकडे जीप म्हणजे मुंबईत जुळणी होऊ लागलेली विलिस, असे जेव्हा होते, तेव्हा हा उपदेश निरपवाद होता, कारण दुसरा पर्यायच नव्हता. परंतु २०२० साली महिंद्राची नवी थार आणि २०२३ साली मारुतीची जिम्नी या दोन्ही गाड्या ऑटोमॅटिकसह बाजारात आल्यानंतर त्याची फेरतपासणी अगत्याची झाली आहे.

ऑटोमॅटिक चढावर दुबळी पडते, हा समज तर वस्तुस्थितीच्या अगदी उलट आहे. या गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लचऐवजी टॉर्क कन्व्हर्टर असतो, ज्यात इंजिनाने फिरविलेले तेल समोरच्या पात्यांवर आदळून चाकांकडे जोर पोहोचविते, आणि चाके जवळजवळ थांबलेली असताना हा जोर सुमारे दुपटीपर्यंत वाढतो. त्यामुळे खडकावर चाक इंचाइंचाने चढविताना जोर अखंड राहतो, जेथे मॅन्युअलच्या चालकाला क्लच अर्धवट दाबून धरावा लागतो व थोड्याच वेळात जळका वास येऊ लागतो. मात्र खोल वाळूत दीर्घकाळ जोर लावल्यास हेच तेल अतोनात तापते. अशा वेळी गाडी न्यूट्रलमध्ये उभी करून, इंजिन चालू ठेवून, ते निवू द्यावे.

उताराविषयीचा आक्षेप मात्र निराधार नाही. लो रेंजमध्ये, म्हणजे वेग घटवून जोर वाढविणाऱ्या जादा गिअरजोडीत, पहिल्या गिअरला अडवून धरलेली ऑटोमॅटिक सावकाश उतरते हे खरे. तथापि तेलाचा दुवा काहीसा सैल असल्याने इंजिनाची अडवणूक मॅन्युअलइतकी घट्ट नसते. शिवाय इंजिन बंद पडलेली मॅन्युअल गाडी गिअरमध्ये टाकली की पुष्कळ अंशी अडून राहते, तर ऑटोमॅटिकमध्ये तेलाचा दाब जाताच सर्व भिस्त ब्रेकवर येते. तीव्र उतारावर मी मॅन्युअललाच कौल देईन.

धक्का मारून सुरू करण्याची मुभा मॅन्युअलला आहे, ऑटोमॅटिकला नाही, हेही खरे. पण बॅटरी पूर्ण उतरली असेल, तर आजच्या विजेवर अवलंबून असलेल्या इंजिनाला धक्क्याचाही फारसा उपयोग होत नाही.

सर्वांत घातक गैरसमज, सर्व ऑटोमॅटिक गाड्या सारख्याच, हा होय. स्वस्त गाड्यांतील एएमटी ही यंत्रणा म्हणजे वस्तुतः मॅन्युअलच. तिचा क्लच पायाऐवजी यंत्र दाबते, आणि चढावर तो तितकाच तापतो.

तेव्हा जो नवखा आहे आणि ज्याच्या वाटेवर चढ, खडक व चिखल अधिक आहेत, त्याने टॉर्क कन्व्हर्टरची ऑटोमॅटिक निःशंकपणे घ्यावी. ज्याला लांबलचक तीव्र उतारांच्या मुलखात, सराईत मिस्त्रीपासून दूर, गाडी न्यायची आहे, त्याने मॅन्युअल घ्यावी. आणि खडकाळ चढउतारांचा ज्याचा इरादा आहे, त्याने लो रेंज नसलेली गाडी, मग तिचा गिअर कसाही असो, घेऊच नये.