नाईलकाठी जाण्याआधी औषधांची पिशवी उघडा

दिवाळी सरली, की दवाखान्यात एक निराळीच गर्दी सुरू होते. आजारासाठी नव्हे, तर प्रवासाला निघण्यापूर्वी ‘एकदा सगळे तपासून घ्या’ म्हणणाऱ्यांची. मागील हिवाळ्यात अमळनेरकडील एक निवृत्त शिक्षक सपत्नीक आले. मुलाने दोघांची इजिप्तची सहल ठरवली होती. रक्तदाब, साखर, हृदयाचा आलेख, सारे समाधानकारक होते. उठता उठता गुरुजी म्हणाले, “डॉक्टरसाहेब, गुडघ्याची ती गोळी तेवढी तीन पाकिटे लिहून द्या.” त्या गोळीत पॅरासिटामॉलबरोबर ट्रामाडॉल होते. “गुरुजी, ही गोळी घेऊन जायची नाही,” असे मी सांगितले, तेव्हा त्यांना नवल वाटले. हा लेख त्या नवलातूनच जन्मला.

आपल्याकडे ट्रामाडॉल हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारे वेदनाशामक आहे. इजिप्तमध्ये मात्र त्याचा नशेसाठी मोठा गैरवापर झाल्याने त्यावर अत्यंत कडक निर्बंध आहेत. २०१७ साली एक ब्रिटिश महिला अशा सुमारे २९० गोळ्या घेऊन तेथे उतरली आणि तिला तीन वर्षांची शिक्षा झाली. म्हणून निघण्यापूर्वी किमान महिनाभर आधी औषधांची पिशवी डॉक्टरांपुढे रिकामी करा. ट्रामाडॉल, कोडीनयुक्त खोकल्याचे औषध, झोपेच्या वा चिंतेवरील गोळ्या असतील, तर त्यांना पर्याय आहे का, हे विचारा. पर्याय नसेल, तर इजिप्तच्या दूतावासाकडून परवानगीची माहिती घ्या. आखाती देशांत विमान बदलणार असाल, तर तेथील नियमही कडक आहेत. उरलेली औषधे मूळ वेष्टनातच ठेवा. सोबत औषधाच्या मूळ नावासह इंग्रजी चिठ्ठी असावी. रोजची औषधे सामानात न टाकता हातातील पिशवीत ठेवावीत.

देश कसा आहे?

इजिप्तचे क्षेत्रफळ सुमारे दहा लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या तिप्पट. परंतु त्यातील बहुतांश वाळवंट. दहा कोटींहून अधिक लोकसंख्या जवळजवळ सारी नाईलच्या चिंचोळ्या खोऱ्यात आणि त्रिभुज प्रदेशात एकवटलेली आहे. आपली तापी पश्चिमेकडे वाहते, तर नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे. कापूस हा खान्देशाचा आणि इजिप्तचा समान धागा. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवीमुळे तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि या दोन्ही प्रदेशांतील कापसाला सोन्याचा भाव आला. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर मुंबईहून युरोपला जाणाऱ्या बोटी इजिप्तच्याच दारातून जाऊ लागल्या.

आरोग्याच्या बाबतीतही या देशाकडून शिकण्यासारखे आहे. एकेकाळी तेथे बिलहार्झिया या कृमिरोगावर सामूहिक इंजेक्शने दिली गेली. नीट निर्जंतुक न केलेल्या सुयांमुळे हिपॅटायटिस सी घरोघरी पोहोचला. त्याच देशाने २०१८ पासून कोट्यवधी नागरिकांची तपासणी करून मोफत उपचार दिले. २०२४ च्या ऑक्टोबरात जागतिक आरोग्य संघटनेने इजिप्तला हिवतापमुक्त घोषित केले.

ऊन, पाणी आणि अन्न

“आम्ही खान्देशी माणसे, उन्हाचे आम्हाला काय!” हे वाक्य मी नेहमी ऐकतो. पण साठीनंतर तहानेची जाणीव मंदावते आणि कोरड्या हवेत घाम अंगावर दिसतच नाही. शिवाय सहलीत स्वच्छतागृहाच्या चिंतेने ज्येष्ठ मंडळी, विशेषतः स्त्रिया, पाणीच कमी पितात. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर चक्कर येऊन पडण्याचा धोका वाढतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडा. मात्र रात्री वाळवंटात थंडी असते, स्वेटर हवाच.

पाणी मोहोरबंद बाटलीचेच प्यावे. नाईलमध्ये वा कालव्यात पाय सोडून बसू नये. बिलहार्झियाचे जंतू गोड्या पाण्यातून त्वचेवाटे शरीरात शिरतात. परतल्यावर ताप किंवा लघवीतून रक्त आल्यास डॉक्टरांना प्रवासाविषयी आवर्जून सांगा, कारण हा रोग आपल्याकडे सहसा आढळत नाही.

शाकाहारी मंडळींची आबाळ होत नाही. भात, मसूर, मॅकरोनी, छोले आणि तळलेला कांदा यांची ‘कोशरी’ आपल्या जिभेला रुचते. ‘फुल’ ही बाकल्याच्या दाण्यांची उसळ आणि त्याच दाण्यांची ‘तामेया’ भजीही मिळतात. मात्र ‘जी-सिक्स-पीडी’ची कमतरता असलेल्यांनी हे दोन्ही पदार्थ टाळावेत, त्यांच्यात रक्तपेशी फुटून कावीळ होऊ शकते.

गुडघे आणि हृदय

खुफूच्या महापिरॅमिडच्या आत जाणारी चढणीची वाट जेमतेम सव्वा मीटर उंच आहे. वाकून, कोंदट हवेत चढावे लागते. हृदयरोग, दमा किंवा गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी पिरॅमिड बाहेरूनच पाहावा. त्यात काही उणे राहत नाही. राजांच्या खोऱ्यातील थडग्यांतही पायऱ्या आहेत. आस्वानहून अबू सिंबेलला पहाटे निघणारा रस्त्याचा प्रवास साडेतीन-चार तासांचा. दर दीड तासाने पाय मोकळे करावेत. हिवाळ्यात इजिप्तची वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते; इन्सुलिन घेणाऱ्यांनी वेळापत्रक आधीच लिहून घ्यावे.

विमानाचा मार्ग

स्वस्त तिकीट अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे असू शकते. ते देश पीतज्वराच्या यादीत आहेत. परतताना भारतात लसीचे प्रमाणपत्र मागितले जाऊ शकते आणि साठीनंतर या लसीचे गंभीर दुष्परिणाम होण्याची शक्यता अधिक असते. त्यामुळे ज्येष्ठांनी थेट वा आखाती मार्ग पत्करावा. विमा काढताना जुने आजार लपवू नयेत. लपवलेल्या आजाराची भरपाई नाकारली जाऊ शकते.

गुरुजी साधे पॅरासिटामॉल, गुडघ्याचा पट्टा आणि काठी घेऊन गेले. पिरॅमिडच्या आत बाई गेल्या, गुरुजी बाहेर सावलीत बसले. परतल्यावर म्हणाले, “डॉक्टरसाहेब, ती आत दमत होती, तेवढ्या वेळात मी बाहेरून चार हजार वर्षे पाहून घेतली.” ज्येष्ठांचा प्रवास असाच असावा. सारे पाहण्याचा अट्टहास नको, जे पाहू ते सुखाने पाहावे आणि धडधाकट घरी परतावे.