पुन्हा परीक्षेला बसताना

लग्नाला बारा वर्षं झाली, की बाईच्या हातात पेन येतं ते वाण्याची यादी नाहीतर दुधाचा हिशेब लिहिण्यापुरतं. त्यामुळे गेल्या वर्षी मी एम.ए.ला, इतिहास विषय घेऊन, नाव घातलं तेव्हा शेजारणींनी विचारलंच, "आता कशाला गं हा उपद्व्याप?" मी सकाळी शाळेत अर्धवेळ शिकवते. रोज मुलांचे पेपर तपासणारीला परीक्षेचं कसलं भय, असं मला वाटलं होतं.

सत्राच्या मध्यावर वीस गुणांची लेखी परीक्षा होती. टिपणं चार वेळा वाचली, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारल्या. पण पेपर हाती आल्यावर त्या रेघा तेवढ्या डोळ्यांपुढे येत, मजकूर काही आठवेना. वीसपैकी सात! मुलीला 'दाखव बघू पेपर' म्हणून दटावणाऱ्या मी स्वतःचा पेपर मात्र तांदळाच्या डब्याखाली लपवला. कॉलेज सोडून द्यावं, असंही मनात आलं.

तो सापडला सासूबाईंना. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या. म्हणाल्या, "यात लपवायचं काय? काय वाचतेस ते मला सांग बघू."

मेथी निवडता निवडता मी सांगू लागले. इंग्रजांनी १८३५ साली इंदापूर तालुक्यात जमिनीची पाहणी सुरू केली, शेताशेताचा सारा तीस वर्षांसाठी ठरवून दिला... आई मध्येच म्हणाल्या, "अगं, पण पाऊस पडला नाही तर?" मी गप्प! त्यांचं माहेर शेतकऱ्याचं, त्यांना हे आधी सुचलं. मला चार वाचनांत सुचलं नव्हतं. पुस्तक उघडून पाहिलं, तेव्हा दुवा लागला. सारा रोख भरायचा, पीक बुडालं की सावकाराचं दार. कर्जापायी जमिनी जाऊ लागल्या आणि १८७५ च्या मे महिन्यात सुप्याला लोकांनी सावकारांच्या वह्या नि खतं जाळली.

मैत्रिणींनो, यात जादू काही नाही. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी २००६ साली प्रयोग करून दाखवलं, की तोच उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना लगेच विचारलं तर जास्त आठवतं. पण आठवड्यानंतर, पुस्तक मिटून आठवून लिहिणारे पुढे जातात. वाचताना ओळखीचं वाटतं, त्यालाच आपण 'येतंय' असं समजतो. माझं तेच झालं होतं.

तुमच्यापैकी कुणी परीक्षेला बसणार असाल, तर अनुभवाच्या चार गोष्टी सांगते.

रोज दोन तास सलग मिळतील, ही आशा सोडा. कुकर होईपर्यंतची वीस मिनिटंही पुरतात. पण त्यात नुसतं वाचू नका. कालचं आज, आजचं चार दिवसांनी, वही मिटून आठवा.

घरात कुणाला तरी सांगा. ऐकणाऱ्याला विषय येत नसेल तर फारच उत्तम. तो बरोबर नडेल तिथेच प्रश्न विचारतो.

घड्याळ लावून लिहिण्याची सवय करा. आपला हात लिहायचं विसरलेला असतो, अर्ध्या तासात बोटं भरून येतात.

पेपर आधी पूर्ण वाचा, गुणांप्रमाणे वेळ वाटा, नि येणारा प्रश्न पहिला सोडवा. आणि त्या दिवशी उपास धरू नका! पोटात दोन घास असू द्या. चष्मा, ओळखपत्र, दोन पेनं आदल्या रात्रीच पिशवीत ठेवा.

घरच्यांना तारीखही आधीच सांगा. मी पहिल्या वेळी संकोचाने सांगितली नव्हती, आणि नेमके त्याच सकाळी पाहुणे आले. दुसऱ्या वेळी मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तांबडी खूण केली. त्या दिवशीचा डबा ह्यांनी भरला. भाजीत मीठ नव्हतं, पण कुणी कुरकुर केली नाही.

दुसऱ्या परीक्षेत १८७५ च्या दंग्याची कारणं विचारली होती. प्रश्न वाचला मात्र, कानात आईंचाच आवाज आला, "पाऊस पडला नाही तर?" तिथूनच उत्तराला सुरुवात केली. वीसपैकी चौदा मिळाले. फार नव्हेत, पण हा पेपर मी मुलीच्या प्रगतिपुस्तकाशेजारी, टेबलावर ठेवला.