लायका एम९ आणि लायका एम९-पी

लायका एम९ व लायका एम९-पी हे जर्मनीतील लायका कंपनीचे डिजिटल रेंजफाइंडर कॅमेरे आहेत. एम९ सप्टेंबर २००९ मध्ये, तर एम९-पी जून २०११ मध्ये सादर झाला. दोन्हींचे उत्पादन बंद असल्याने ते आता प्रामुख्याने वापरलेल्या स्थितीत मिळतात.

साम्य व फरक
दोन्हींत १८ मेगापिक्सेलचा, ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा कोडॅकनिर्मित सीसीडी संवेदक आहे. त्यामुळे छायाचित्रांच्या दर्जात फरक नसतो. एम९-पीच्या पडद्यावर ओरखडे न पडणारी नीलमणी काच आहे. त्याच्या दर्शनी भागावर लाल बोधचिन्ह नसून माथ्यावर कंपनीचे नाव कोरलेले असते.

संवेदकाचे क्षरण
संवेदकावरील अवरक्त-रोधक काच कालांतराने क्षरते व छायाचित्रांत ठिपके उमटतात. हा दोष दोन्ही आवृत्त्यांत आढळतो. कंपनीने सदोष संवेदकांच्या जागी सुधारित संवेदक बसवून दिले. परंतु २०२० मध्ये त्यांचा पुरवठा संपला.

वापरलेल्या कॅमेऱ्याची निवड
या कारणाने आवृत्तीपेक्षा संवेदक बदलल्याची नोंद अधिक महत्त्वाची ठरते. एफ/१६ ॲपर्चरवर निरभ्र आकाशाचे छायाचित्र घेऊन ते पूर्ण आकारात पाहिल्यास ठिपके दिसू शकतात. धुळीचे ठिपके सफाईने जातात, क्षरणाचे जात नाहीत. रायगड जिल्ह्यातील तळा परिसरासारख्या दमट हवेत भिंगांवर बुरशीही चढते. म्हणून कॅमेरा सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवतात. संवेदक बदललेला एम९ हा न बदललेल्या एम९-पीपेक्षा सुरक्षित पर्याय ठरतो.