जोडनौका : वेग आणि सुख

कोलशेतच्या धक्क्यावर उभें राहिलें म्हणजे उल्हास नदीच्या खाडीपलीकडे काल्हेरचा कांठ हांकेच्या अंतरावर दिसतो. पण तेथें जावयाचें झालें तर बाळकुमास येऊन कशेळीच्या पुलावरून वळसा घ्यावा लागतो, आणि त्या वाटेवर वाहनांची दाटी किती असते हें पालकवर्गास सांगावयास नको. २०१६ सालच्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यानें कल्याण–ठाणें–मुंबई हा सुमारें १४५ किलोमीटरांचा मार्ग ५३ व्या क्रमांकाचा राष्ट्रीय जलमार्ग ठरला; कोलशेत, काल्हेर, डोंबिवली आणि मीरा-भाईंदर येथील धक्क्यांच्या योजनाही त्याच विचारांतून निघाल्या. तेव्हांपासून खाडीकांठच्या घरांत एक प्रश्न वरचेवर ऐकूं येतो : बोट येईल ती कसली यावी? तरुण म्हणतात, वेगाची यावी. वडील मंडळी म्हणतात, उलटी न होतां पोहोंचविणारी यावी. आणि दोन्ही पक्ष शेवटीं एकच नांव घेतात, तें म्हणजे कॅटामरान. ही नौका खरोखर दोघांचेंही समाधान करते काय, हें या लेखांत पाहूं.

कॅटामरान हा शब्द तमिळ भाषेंतून जगभर गेला. ‘कट्टुमरम्’ म्हणजे बांधलेलीं लांकडें. गंमत अशी कीं, तमिळ कोळ्यांचें कट्टुमरम् हा ओंडक्यांचा तराफा असे. आज ज्या नौकेस हें नांव चिकटलें आहे तिला दोन वेगळालीं, लांबट पोटें असतात आणि वर एकच माचा. तिचें खरें नातें पॅसिफिक महासागरांतील बेटकऱ्यांच्या जोडहोड्यांशीं आहे. त्या पद्धतीनें बांधलेली ‘होकुलेआ’ नांवाची नौका १९७६ सालीं हवाई बेटांहून ताहितीस, केवळ तारे, लाटा व वारा यांच्या खुणांवर, महिन्याभराहून थोड्या अधिक अवधींत पोहोंचली. आपल्या कोंकणांत रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडील होडीस बाजूनें जी उलांडी बांधतात, तीही याच कुळांतली. युरोपांत सर विल्यम पेटी या गृहस्थानें १६६२ पासून डब्लिन येथें दुहेरी पोटाच्या नौका बांधून पाहिल्या. पुढें त्यांतील एक जहाज वादळांत गेलें. अमेरिकेंत नॅथॅनिएल हेरेशॉफ यानें १८७६ सालीं ‘अमॅरिलिस’ ही जोडनौका न्यूयॉर्कच्या शर्यतींत उतरवून भल्या भल्या शिडाच्या नौका मागें टाकल्या, तेव्हां तिला शाबासकी मिळण्याऐवजीं तसल्या शर्यतींतून बाहेर काढण्यांत आलें.

आतां ही नौका जलद कां? होडी चालूं लागली म्हणजे पाण्यास बाजूस सारते आणि स्वतःच्या लाटा उत्पन्न करते. वेग वाढला कीं या लाटांची लांबी वाढते. एक वेळ अशी येते कीं लाटेचा एक माथा नाळेखालीं व दुसरा वरामाखालीं, म्हणजे मागच्या टोंकाखालीं येतो, आणि होडी आपणच खणलेल्या खळग्यांत बसते. त्यापुढें वेग वाढवावयाचा म्हणजे आपल्याच लाटेचा चढाव चढणें होय. या मर्यादेचें स्थूल सूत्र असें आहे : पाण्यास टेकलेली लांबी फुटांत घेऊन तिचें वर्गमूळ काढावें व त्यास १·३४ नें गुणावें, उत्तर नॉटांत येतें. (एक नॉट म्हणजे ताशीं १·८५२ किलोमीटर.) २५ फुटांच्या होडीस ६·७ नॉट, ४९ फुटांच्या नौकेस ९·४ नॉट. म्हणजे लांबी जवळजवळ दुप्पट झाली, तरी वेग दीडपटही होत नाहीं.

ही मर्यादा जाडजूड पोटास लागूं पडते. पोट अतिशय अरुंद असेल, म्हणजे लांबी रुंदीच्या आठ-दहा पट असेल, तर तें पाण्यास फारसें ढकलीत नाहीं. सुरीनें लोणी कापावें तसें जातें, लाट लहान उठते आणि तो चढाव फारसा अडवीत नाहीं. मात्र इतकें अरुंद एकच पोट पाण्यावर उभें राहणार नाहीं. तें लगेच कुशीवर होईल. म्हणून दोन अरुंद पोटें दूरदूर ठेवून जोडलीं कीं दोन्ही कामें साधतात. शिवाय एका पोटाच्या शिडाच्या नौकेस उभें राहण्यासाठीं पठाणाखालीं शिशाचें किंवा लोखंडाचें जें जड नीरम वाहून न्यावें लागतें, तें जोडनौकेस नको असतें.

पण या वेगाची कीर्ति जरा अधिकच गाइली जाते, असें माझें मत आहे. दोन पोटें म्हणजे पाण्यास घासणारा पृष्ठभाग अधिक. त्यामुळें मंद वाऱ्यांत शिडाची जोडनौका रेंगाळते. वाऱ्याच्या तोंडावर चढतांना खोल पठाणाची एकपोटी नौका वाऱ्याच्या अधिक जवळून जाते. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे ओझें. शर्यतीची रिकामी जोडनौका वाऱ्यासारखी धांवते. तीच कुटुंब, पाणी, तेल व सामानसुमान घेऊन महिन्याच्या सफरीस निघाली कीं अरुंद पोटें खोल बसतात आणि एकपोटी नौकेवरील तिची आघाडी पुष्कळदां एकदोन नॉटांपुरतीच उरते. घोड्यावर मोट लादली म्हणजे तो घोडा राहत नाहीं.

इंजिनाच्या नौकेचा हिशेब निराळा. तेथें वेग हवा तितका विकत मिळतो, पण भाव कडक असतो : स्थूलमानानें वेग दुप्पट करावयाचा तर शक्ति आठपट लागते. मुंबई–गोवा मार्गावर याचा पडताळा पाहतां येतो. जुन्या आगबोटी बंदरें घेत घेत सुमारें एक दिवसांत पणजीस पोहोंचत. १९९० नंतरच्या दशकांत त्या मार्गावर जलद कॅटामरान आली. ती सात-आठ तासांत पोहोंचवीत असे. पुढें ती बंद झाली. २०१८ सालीं ‘आंग्रिया’ ही एका पोटाची मोठी नौका आली. ती सायंकाळीं निघून रात्रभर सावकाश जाई, उतारू निजत, जेवत, आणि सकाळीं गोवा दिसे. तीही पुढें थांबली. एकीनें वेळ वांचविला, दुसरीनें वेळ सुखाचा केला. रुळावरून व सडकेवरून स्वस्तांत जातां येत असतां समुद्रावरील वेगाचा खर्च उतारूंनीं कां सोसावा, या प्रश्नाचें उत्तर पहिलीस देतां आलें नसावें, असें मला वाटतें.

आतां सुखाकडे वळूं. एकपोटी नौका शिडांवर चालतांना वीस-पंचवीस अंशांनीं कलते. आंत चूल मांडावयाची तर तीही टांगती ठेवावी लागते. जोडनौका सहसा पांच-सात अंशांपलीकडे कलत नाहीं. टेबलावरील पेला जागच्या जागीं राहतो. लहान मुलें व वृद्ध यांना हें मोठेंच सुख. परंतु कलत नाहीं म्हणजे हालत नाहीं असें मात्र नव्हे. पाळणा आणि बैलगाडी यांची तुलना करा. पाळणा फार झुलतो पण सावकाश झुलतो. बैलगाडी झुलत नाहीं, परंतु वाटेंतील प्रत्येक धोंडा कमरेस कळवते. एका पोटाची नौका पाळण्यासारखी. लाट खालून गेली तरी ती आपल्या संथ तालानें डोलते. जोडनौकेचीं दोन पोटें लाटेच्या उतारास चिकटून राहतात. बाजूनें लाट आली कीं एक पोट उचललें जातें, दुसरें खालीं जातें, आणि लगेच उलट. हे धक्के आंखूड व तुटक असतात. समोरून लाटा आल्या तर आणखी एक उपद्रव होतो : दोन पोटांमधील पुलासारख्या माच्यास खालून लाट थाडकन् आदळते. माचा पाण्यापासून जितका उंच, तितका हा मार कमी. नौका विकत घेणाऱ्यानें पलंगांची संख्या मोजण्यापूर्वीं ही उंची मोजावी.

समुद्र लागणें या व्याधीबद्दल एक विलक्षण गोष्ट शास्त्रज्ञांनीं प्रयोगानें काढली आहे. वरखालीं होण्याचा फेरा सुमारें पांच-सहा सेकंदांचा असला म्हणजे मळमळ सर्वांत अधिक होते. त्याहून चटचट होणाऱ्या हालचालीनें माणूस थकतो, पण ओकत नाहीं. म्हणून जोडनौकेंत पुष्कळांना बरें वाटतें आणि कांहींना मुळींच वाटत नाहीं. समुद्राची लाट त्या दिवशीं कोणत्या तालावर आहे यावर तें अवलंबून असतें. गेटवेहून मांडव्यास जाणाऱ्या मंडळींचे अनुभव परस्परविरुद्ध असतात, त्याचें एक कारण हेंच.

वेग आणि सुख यांहून जुनी गोष्ट म्हणजे जीव. १७ जुलै १९४७ रोजीं भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट वादळी पाण्यांत कलंडून बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. लाटेनें बोट एका अंगास कलली आणि घाबरलेले उतारू एका बाजूस लोटले गेले, असें त्या घटनेचें वर्णन करतात. याचें गणित मुलांनीं करून पाहावें. शंभर माणसें, प्रत्येकाचें वजन ६० किलो, म्हणजे ६ टन; तीं मध्यापासून दोन मीटर सरकलीं तर कलविणारा जोर १२ टन-मीटर झाला. उलट ८ टन वजनाची व पोटांत ५ मीटर अंतर असलेली लहानशी जोडनौका घ्या. तिला सांवरणारा अधिकांत अधिक जोर म्हणजे वजन गुणिलें निम्में अंतर, म्हणजे २० टन-मीटर. रुंदीचें मोल एवढें आहे.

पण या गणिताचा दुसरा भाग कोणी फारसा सांगत नाहीं. जोडनौकेचा हा जोर एक पोट पाण्यावर उचललें जाईपर्यंतच वाढतो. तेवढ्यास दहा-बारा अंशांचा कल पुरतो. त्यापुढें तो घटतच जातो, आणि एकदां उलटली कीं ती उलटी राहूनच तितकीच स्थिर होते! नीरम असलेली एकपोटी नौका सहज कलते, पण पार आडवी झाली तरी पुन्हा उठते. कमांडर दिलीप दोंदे यांनीं १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघून मे २०१० मध्यें एकट्यानें शिडाच्या नौकेंतून पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. असें करणारे ते पहिले भारतीय. त्यांची ‘म्हादेई’ ही गोव्यास बांधलेली ५६ फुटांची नौका एका पोटाची होती. दक्षिण महासागरांतील लाटांत माणसास उठून उभी राहणारी नौका हवी असते. टेबलावरचा पेला सांडला तरी चालतो.

आपल्या खाडीस दक्षिण महासागराच्या लाटा नाहींत. तिच्या अडचणी अगदीं निराळ्या आहेत, आणि त्यांत पहिली म्हणजे उथळपणा. उथळ पाण्यांत लाटेच्या वेगास एक कमाल मर्यादा असते : खोली व गुरुत्वाकर्षण यांच्या गुणाकाराचें वर्गमूळ. खोली ३ मीटर असेल तर ही मर्यादा सेकंदास सुमारें ५·४ मीटर, म्हणजे ताशीं साडेएकोणीस किलोमीटर येते. नौकेचा वेग या आंकड्याजवळ आला कीं रोध एकदम वाढतो, मागचा भाग खालीं बसतो आणि कांठाकडे मोठी लाट धांवते. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशीं भरती-ओहोटींत चार मीटरांहून अधिक फरक पडतो. म्हणजे भरतीस जो वेग चालून जाईल तोच ओहोटीस नको तो उपद्रव करील. त्या लाटेचा भोग कोणास? कांठावरील तिवरांस, चिखलांत बांधलेल्या लहान होड्यांस, आणि जाळें टाकून बसलेल्या तांडेलास. कांचेच्या खिडकीआड बसलेल्या उतारूस ती दिसतही नाहीं.

कोचीन येथें २०२३ च्या एप्रिलमध्यें जी जलमेट्रो सुरू झाली, तिच्या बोटी या दृष्टीनें अभ्यासण्यासारख्या आहेत. त्या ॲल्युमिनियमच्या जोडनौका आहेत, विजेवर चालतात, शंभर उतारू घेतात आणि आठ नॉटांच्या आसपास, म्हणजे ताशीं सुमारें पंधरा किलोमीटर वेगानें जातात. सायकलीचाच वेग म्हणाना! पण लाट लहान, आवाज कमी, माचा सपाट, आणि धक्क्याशीं बोट समपातळीस लागत असल्यानें आजीबाईंसही चढतां येतें. उलट बेलापूरहून २०२२ सालीं सुरू झालेल्या जलटॅक्सींत लहान वेगवान बोटी महाग व कॅटामरान स्वस्त असा भेद होता. उतारूंनीं त्या सेवेकडे अपेक्षेइतकी गर्दी केली नाहीं. कोलशेतहून काल्हेरला जावयास पांच मिनिटें लागलीं काय आणि तीन लागलीं काय, फरक तो कसला? तिकिटाच्या रांगेंत व धक्क्यापासून घरापर्यंतच्या रिक्षेंत याच्या दसपट वेळ जाईल. डोंबिवलीपर्यंतच्या लांब पल्ल्यास वेगाचें थोडें मोल आहे, हें मान्य. पण तेथेंही ओहोटीची खोली हीच खरी अधिकारी.

ज्यांस हें सर्व पडताळून पाहावयाचें असेल त्यांनीं सुटींत एक प्रयोग करावा. केळीचा एक जाड खुंट घ्यावा. तितक्याच वजनाचे दोन बारीक खुंट दोन हातांच्या अंतरावर बांबूच्या कामट्यांनीं जोडावे. दोन्ही शांत पाण्यांत सोडून, एकाच वजनाचा धोंडा दोरीस बांधून, कप्पीवरून ओढावे आणि घड्याळ लावून वेळ टिपावा. मग जोडखुंटांवर विटा एकेक वाढवीत जाव्या. कितव्या विटेस जोडखुंटाची आघाडी संपते, तो आंकडा वहींत लिहून आणावा. विज्ञानाच्या तासास आपण सर्वांचे आंकडे फळ्यावर मांडूं. प्रयोग घरच्या हौदांत करावा, खाडींत नव्हे, आणि वडील माणूस जवळ असावें.