गाठ निवते आहे का? थर्मल कॅमेऱ्याची नजर

कर्करोगाची गाठ वाढताना स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या तयार करून घेते. रक्तपुरवठा वाढला की वरची त्वचाही किंचित गरम होते. मॉन्ट्रियलच्या डॉ. रे लॉसन यांनी स्तनाच्या कर्करोगात हा फरक १९५६ मध्ये मांडला.

मला पुढचा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो: केमोथेरपी सुरू झाल्यावर तीच जागा निवत गेली तर? औषध लागू पडल्याची ती खूण असू शकते. थर्मल कॅमेरा त्वचेतून निघणारे अवरक्त किरण टिपतो आणि अंशाच्या दहाव्या भागाएवढा फरकही दाखवतो. क्ष-किरण नाहीत, सुई नाही, त्यामुळे तपासणी वारंवार करता येते.

पण खोलवरची गाठ त्वचेवर उमटेलच असं नाही. रेडिएशनने त्वचा लाल झाली की तापमान उलट वाढतं. खोलीतल्या पंख्यानेही चित्र बदलतं! म्हणूनच हे तंत्र अजून संशोधनाच्या टप्प्यावर आहे. डॉक्टरांची भिस्त सोनोग्राफी, एमआरआय, पेट-सीटीवरच. अमेरिकेच्या एफडीएनेही थर्मोग्राफी हा मॅमोग्राफीला पर्याय नाही, असं बजावलंय.

तेव्हा नुसत्या थर्मल स्कॅनवरून कुणी ‘गाठ गेली’ म्हणालं, तरी उपचार थांबवू नका. आधी आपल्या कर्करोगतज्ज्ञांना विचारा.