संख्याशास्त्राचे गणकयंत्र

संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षात प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याने आलेख काढणाऱ्या महागड्या गणकयंत्राचा मोह धरण्याचे मुळीच प्रयोजन नाही. कारण अशा यंत्रांना परीक्षागृहात बहुधा मनाईच असते, आणि सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध एवढा कारभार कॅसिओचे साधे एफएक्स-८२एमएसही विनातक्रार उरकते. खरेदीपूर्वी मात्र एक कसोटी दुकानातच घ्यावी, मग दुकानदार कितीही कपाळाला आठ्या घालो: २, ४, ४, ४, ५, ५, ७, ९ हे आकडे भरले असता सरासरी ५ येते, परंतु प्रमाण विचलन एका पर्यायाने २ व दुसऱ्याने सुमारे २.१४ मिळते, आणि हा यंत्राचा दोष नसून, विचलनांच्या वर्गांची बेरीज जी ३२, तिला समष्टीकरिता ८ने आणि नमुन्याकरिता ७ने भागावयाचे असते, हे त्याचे कारण होय. ही दोन्ही उत्तरे स्वतंत्रपणे न देणारे यंत्र फुकट मिळाले तरी नाकारावे. भरलेले आकडे कोष्टकरूपाने दाखविणारे एफएक्स-९९१ईएस प्लस अधिक महाग पडते खरे. पण पन्नास आकड्यांतील एखादी चूक हुडकण्याचा प्रसंग ज्याने भोगला आहे, तो त्या जादा रकमेबद्दल हुज्जत घालणार नाही.