सात ड्रायव्हर गेले, पडदा हललाही नाही

ज्यांनी वीसेक वर्षांपूर्वी घरच्या संगणकावर लिनक्स चालवलं असेल, त्यांच्या कानात एक आवाज अजून असेल. सुरुवातीला काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभर वर सरकत. मग पडदा विझे, जाडजूड मॉनिटरच्या पोटातून ‘टक्’ असा आवाज येई आणि क्षणभराने रंगीत डेस्कटॉप उगवे.

त्या ‘टक्’मागे एक सत्तांतर होतं. अक्षरं दिसत होती तोवर ग्राफिक्स कार्डाचा ताबा कर्नेलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे असे. मग एक्स सर्व्हर नावाचा प्रोग्रॅम येई आणि कर्नेलला बाजूला सारून थेट कार्डाच्या रजिस्टरांत आकडे लिही. पडद्याचं रिझोल्यूशन बदले, मॉनिटरची वारंवारिता बदले, आतला रिले वाजे. कार्डाची आता काय अवस्था आहे, हे कर्नेलला ठाऊकच नसे. मग एक्स मध्येच कोसळला, तर ‘काय झालं’ एवढं सांगायलाही कर्नेलकडे पडदा उरत नसे. माणूस काळ्या काचेकडे बघत बसे.

१९९०च्या दशकाअखेरीस त्रिमितीय खेळ आले आणि गुंता वाढला. प्रत्येक खेळाला कार्डाशी थेट बोलायचं होतं. त्यासाठी डीआरआय नावाची व्यवस्था उभी राहिली. चाळीतल्या सामाईक नळासारखी ती होती. नळ एक, बिऱ्हाडं अनेक, आणि सगळ्यांत मिळून एकच कुलूप. ज्याच्या हाती कुलूप, त्याचं कार्ड. मधल्या वेळात दुसऱ्या कोणी ते वापरलं असेल, तर कार्डाची आपल्याला हवी ती मांडणी पुन्हा पहिल्यापासून करायची. सगळं परस्परांच्या भरवशावर. त्या काळाच्या मानाने ही युक्ती फार हुशारीची होती, असं मला आजही वाटतं.

या व्यवस्थेचे कर्नेलमधले सात जुने ड्रायव्हर पुढे उरले. ३डीएफएक्सची व्हूडू कार्डं, मॅट्रॉक्स, एटीआयचं रेज १२८, एसथ्रीचं सॅव्हेज, एसआयएस, व्हीआयए आणि इंटेल ८१० यांच्यासाठीचे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ज्यांनी सुटे भाग आणून संगणक जोडून घेतला, त्यांना यातली काही नावं मदरबोर्डच्या खोक्यावरून आठवतील.

२००९ साली कर्नेलच्या २.६.२९ आवृत्तीत चित्र पालटलं. पडद्याची मांडणी आता कर्नेल स्वतः करू लागला, आधी इंटेलच्या चिपांसाठी, मग इतरांसाठी. ‘टक्’ हळूहळू इतिहासजमा झाला. त्या सात ड्रायव्हरांचं तसं पुनर्लेखन मात्र कर्नेलमध्ये कधी आलं नाही. ३डीएफएक्स तर डिसेंबर २००० मध्येच आपली मालमत्ता एनव्हिडियाला विकून आवरायला निघाली होती.

पुढचा भाग मला सगळ्यात विलक्षण वाटतो. प्रोग्रॅमांना त्रिमितीय चित्रं काढून देणारी मेसा ही लायब्ररी या कार्डांवर याच ड्रायव्हरांच्या जिवावर काम करायची. २०१२ मध्ये मेसा ८.० आली आणि तिने आपल्या बाजूचा जुना कोड काढून टाकला. म्हणजे दार राहिलं, पण दारापर्यंत जाणारा जिना गेला. तरी कर्नेलने ते दार आणखी अकरा वर्षं शाबूत ठेवलं.

का? कारण लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा एक नियम: कर्नेल बदलल्यामुळे लोकांचा चालता प्रोग्रॅम बंद पडता कामा नये. हा न पाहिलेल्या माणसांना दिलेला शब्द आहे. जगाच्या कुठल्या कोपऱ्यात कोणी जुनी मेसा आणि जुनं व्हूडू कार्ड जोडून बसलं असेल, हे कळायला मार्ग नाही. वापरणारा आनंदात असतो, तो पत्र लिहीत नाही. त्यामुळे शांततेचा अर्थ ‘कोणी नाही’ असाही होतो आणि ‘सगळं ठीक आहे’ असाही.

ठेवण्याला किंमतही होती. हे ड्रायव्हर बाहेरच्या प्रोग्रॅमांना नको इतक्या आतपर्यंत हात घालू देत. सुरक्षेला ते उघडं भगदाडच. कर्नेल बांधताना या ड्रायव्हरांच्या पर्यायापुढे मदतीचा मजकूर दिसे, तो कर्नेलच्या कोरड्या भाषेत आश्चर्यकारकरीत्या कळकळीचा होता. हे इंटरफेस धोकादायक आहेत, सुरक्षेची बंधनं चुकवायला वापरता येतात, तसंच सबळ कारण नसेल तर ‘एन’ म्हणा, असं तो सांगे. ‘एन’ म्हणजे नको.

एप्रिल २०२३ मध्ये ६.३ आवृत्ती आली आणि सातही ड्रायव्हर गेले. पण त्यांच्यासाठी लिहिलेला सामाईक कोड लगेच हलवता आला नाही. त्यात एक जुनं देणं अडकलं होतं. एनव्हिडियाच्या कार्डांसाठीचा नूव्हो हा ड्रायव्हर नव्या पद्धतीचा. पण त्याच्या जोडीला एक्समध्ये चालणाऱ्या भागाच्या फार जुन्या आवृत्त्या सुरुवातीलाच जुन्या पद्धतीची एक मागणी कर्नेलकडे करत आणि तिथे ‘चूक’ असं उत्तर मिळालं की कोलमडत. केवळ त्यांना नकार मिळू नये म्हणून ती जुनी खिडकी उघडी ठेवलेली होती. अखेर सुसे कंपनीचे थॉमस झिमरमान यांनी उरलेला कोड उपसून काढला आणि मार्च २०२४ च्या ६.८ आवृत्तीत ती खिडकीही बंद झाली.

ज्याच्याकडे ते जुनं कार्ड अजून आहे, त्याचं काय? त्याला चित्र दिसतंच. गेली ती त्रिमितीय गती. तीही हवी असेल, तर डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीत सातही ड्रायव्हर आहेत, आणि कर्नेलच्या कोडमधले बदल नोंदवणाऱ्या गिटच्या इतिहासात प्रत्येक ओळ जशीच्या तशी जपलेली आहे, कोणी, कधी आणि का काढली या नोंदीसकट.

आणि काही जुनी हार्डवेअर तर मरायलाच तयार नसतात. काढलेल्या सातांत मॅट्रॉक्सचा ‘एमजीए’ होता. त्याच मॅट्रॉक्सच्या १९९८ सालच्या जी२०० चिपची रचना सर्व्हरवर देखरेख करणाऱ्या चिपांमध्ये पुढे कित्येक वर्षं बसवली जात राहिली, कारण तिथे अक्षरं उमटली की काम भागतं. तिच्यासाठी ‘एमजीएजी२००’ हा नव्या पद्धतीचा वेगळा ड्रायव्हर २०१२ मध्ये कर्नेलमध्ये आला आणि तो जागेवर आहे. रात्री दूरच्या डेटा सेंटरमधला असा एखादा सर्व्हर अडतो, सांभाळणारा माणूस घरून त्याचा पडदा उघडतो, आणि काळ्यावर पांढऱ्या अक्षरांच्या त्याच ओळी वर सरकू लागतात.